प्रीमियर पद्मिनी

प्रीमियर पद्मिनी ही प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार केलेली चार दारांची सेडान मोटारगाडी होय. इटलीच्या फियाट ११०० डी या गाडीची ही भारतीय आवृत्ती असून तिचे उत्पादन १९६४ पासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालले. पद्मिनी हे नाव मात्र १९७४ पासूनचे आहे. मूळ गाडीचे इटलीतील उत्पादन १९६६ मध्येच थांबले होते. त्यामुळे तिचे बाह्यरूप व तिच्या आवृत्त्या कालबाह्य झाल्या आहेत काय, हा वाद तिच्या आयुष्यभर चालू राहिला. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वाधिक परिचित आहे.

पार्श्वभूमी

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने १९४७ पासून कुर्ल्यात वाहनांची जुळणी होऊ लागली. पुढे फियाटशी करार झाला आणि १९५४ मध्ये फियाट ११०० भारतात आली. पुढे आलेल्या बोथट नाकामुळे मुंबईकरांनी तिला 'डुक्कर फियाट' म्हटले. तिची पुढची दारे मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली, म्हणजे उलट उघडणारी होती. त्यानंतर एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट या नावांनी सुधारित गाड्या आल्या आणि १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली. फियाटशी असलेला परवाना करार संपल्यावर हीच गाडी १९७० च्या दशकाच्या आरंभी काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट नावाने विकली गेली. नंतर चितोडच्या राणी पद्मिनीचे नाव तिला मिळाले.

रचना

गाडीची लांबी सुमारे ३.९ मीटर असून इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे होते. इटलीतील ११०० डी मध्ये याहून मोठे, १,२२१ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. चाल मागील चाकांना मिळे, चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत होता. समोरची बैठक सलग बाकासारखी असल्याने चालकाशेजारी अडचणीने का होईना, दोघे बसत. उंच टप, सरळ उभ्या काचा, स्वतंत्र डिकी आणि मागच्या कडांना दिलेला किंचित पंखासारखा उठाव ही १९६० च्या सुमाराच्या इटालियन गाड्यांची लक्षणे तिच्यात अखेरपर्यंत राहिली.

आवृत्त्या

स्टँडर्ड, डिलक्स, डिलक्स बीई, १३७ डी आणि एस१ अशा नावांनी पद्मिनी विकली गेली. यांपैकी १३७ डी ही १,३६६ घनसेंटिमीटरच्या डिझेल इंजिनाची होती. एस१ मध्ये गिअरचा दांडा जमिनीवर आला आणि बाकाच्या जागी दोन स्वतंत्र आसने आली. हे दोन अपवाद सोडले, तर नवीन आवृत्ती म्हणजे बहुधा पुढील जाळी, क्रोमच्या पट्ट्या, बैठकीचे आवरण आणि नाव यांतील बदल असे. पत्र्याचा सांगाडा तोच राहिला.

कालबाह्यतेचा वाद

टीकाकारांचा मुख्य आक्षेप संरक्षित बाजारपेठेवर होता. परवाना पद्धतीत उत्पादनक्षमता ठरवून दिलेली असे, आयात जवळजवळ बंद होती, आणि खासगी ग्राहकाची निवड प्रामुख्याने पद्मिनी, हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर व मद्रासची स्टँडर्ड यांच्यापुरती मर्यादित होती. नोंदणी केल्यावर गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. ज्या मालाला रांग लागते तो बदलण्याची निकड उत्पादकाला वाटत नाही, असा हा युक्तिवाद होता.

दुसरी बाजूही वजनदार होती. केंद्र सरकारने १९६९ च्या आदेशाने मोटारींच्या किमती नियंत्रित केल्या. त्याविरुद्ध उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७१ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल लागला. हा वाद किमतीचा होता, रूपाचा नव्हता; तरी दोन्ही गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या होत्या. मोटारीचे दार, टप किंवा बोनेट दाबून काढण्याचे पोलादी साचे अतिशय महाग असतात. गाड्या थोड्या निघोत वा पुष्कळ, साच्यांचा खर्च फारसा बदलत नाही. उत्पादन कमी आणि किंमत बांधलेली असेल, तर तो भरून निघणे कठीण. जाळी, दिवे व आसने त्या मानाने स्वस्तात बदलता येतात. म्हणून पद्मिनीतील बदल तेथेच होत राहिले.

या वादात रूप आणि यंत्र यांची अनेकदा गल्लत होते. उंच टपामुळे आत-बाहेर करणे सोपे जाई आणि उभ्या काचांमधून चालकाला चहूकडचे स्पष्ट दिसे. ते रूप जुने असले तरी निरुपयोगी नव्हते. खरे मागासलेपण ड्रम ब्रेक, पहिल्या गिअरला सिंक्रोमेशचा अभाव आणि जड हाताळणी यांत होते. नव्या नावाच्या आवृत्तीने त्यावर केवळ नवा साज चढे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली आणि वादाचा निर्णय ग्राहकांनी केला. प्रीमियरने १९८५ मध्ये निस्सान इंजिनाची ११८ एनई आणली, पण तिचा सांगाडा १९६६ च्या फियाट १२४ वर आधारलेला, म्हणजे तोही जवळपास वीस वर्षे जुना होता. मारुती १००० (१९९०) आणि १९९३ मध्ये मोटारींवरील परवाना पद्धत उठल्यावर आलेल्या देवू सिएलो, होंडा सिटी अशा गाड्यांपुढे पद्मिनीची खासगी मागणी ओसरली. कुर्ल्याच्या कामगारांसाठी हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. दत्ता सामंत यांच्या संघटनेचा प्रभाव असलेल्या या कारखान्याचे पोट बराच काळ एकाच जुन्या गाडीवर अवलंबून होते.

टॅक्सी

खासगी ग्राहक दूर गेल्यावरही टॅक्सीचालकांनी पद्मिनी सोडली नाही. अँबॅसडरपेक्षा ती आटोपशीर होती, सुटे भाग सर्वत्र मिळत आणि रस्त्याकडेच्या मिस्त्रीलाही तिची दुरुस्ती जमे. सामानासाठी टपावर कॅरिअर बसे. कारखान्याने न दिलेला साज मालकांनी स्वतः केला. छताला फुलाफुलांचे रेक्झिन, रंगीत पडदे, आरशाला माळा अशी सजावट सर्रास दिसे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमात तरुण चित्रकारांनी मुंबईच्या टॅक्सींसाठी खास कापडे तयार केली.

मुंबईत टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. तिची मुदत संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात एकही पद्मिनी टॅक्सी उरली नाही. किमान एक तरी गाडी जतन करावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती. खासगी मालकीच्या काही पद्मिनी अद्याप रस्त्यावर आहेत. टॅक्सीची वयोमर्यादा त्यांना लागू नाही.