पुनर्विवाह आणि धम्मदृष्टी : नकुलमाता ते माईसाहेब

सहचराच्या मृत्यूनंतर पुन्हा सहजीवन स्वीकारणे म्हणजे पहिल्या सोबत्याशी प्रतारणा होय, अशी समजूत समाजात आजही आढळते. ती बहुधा स्त्रीलाच लागू केली जाते. पालि वाङ्मय आणि परमपूज्य बाबासाहेबांचे जीवन या दोहोंच्या आधारे या समजुतीची तपासणी करण्याचे आम्ही योजिले आहे.

अंगुत्तर निकायाच्या छक्क निपातात भग्ग देशातील नकुलपिता व नकुलमाता या गृहस्थ दांपत्याची हकीकत आली आहे. नकुलपिता गंभीर आजारी पडतो. चिंताग्रस्त मनाने मरण येणे दुःखकारक असते, असे सांगून नकुलमाता त्याच्या मनातील एकेक शंका दूर करते. आपण सूत कातून मुलांचे पोषण करू, दुसरे घर करणार नाही, अशी ती ग्वाही देते. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पतीच्या मनात अशी शंका येऊ शकते, याचा अर्थ विधवेने दुसरे घर करणे त्या काळी अकल्पनीय नव्हते. शिवाय तिचा निश्चय कोणत्याही शास्त्राज्ञेतून आलेला नाही. दोघांनी सोळा वर्षे पाळलेल्या ब्रह्मचर्याचा ती दाखला देते. भगवंतांनी तिची प्रशंसा केली, हे खरे. परंतु त्या प्रशंसेतून सर्व विधवांसाठी नियम काढणे सुत्ताच्या आशयास धरून होणार नाही.

मग सक्तीचे वैधव्य आले कोठून? ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्क येथे कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात बाबासाहेबांनी याचे उत्तर दिले आहे. जातीतल्या जातीतच विवाह टिकवायचे, तर विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समतोल राहावी लागते. पती निवर्तलेली स्त्री हा समतोल बिघडवते. म्हणून तिच्यासाठी सती किंवा सक्तीचे वैधव्य. विधुर पुरुषाला मात्र अल्पवयीन मुलगी देण्यात आली. तात्पर्य, ज्याला पातिव्रत्याचे उदात्त रूप दिले गेले, त्याच्या मुळाशी जातिरक्षणाची गरज होती.

बाबासाहेबांचे स्वतःचे जीवनही या विश्लेषणाशी सुसंगत आहे. चार अपत्यांचा मृत्यू आणि दारिद्र्य सोसलेल्या माता रमाई २७ मे १९३५ रोजी निवर्तल्या. पुढे पाकिस्तानविषयक ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. जवळजवळ तेरा वर्षांनी, १५ एप्रिल १९४८ रोजी, मधुमेहाने जर्जर झालेल्या बाबासाहेबांनी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वधू एकोणचाळीस वर्षांची, स्वतंत्र व्यवसाय असलेली डॉक्टर आणि जन्माने सारस्वत ब्राह्मण होती. विधुराला बालवधू देणारी रूढी आणि जातीची भिंत, दोन्ही या विवाहाने नाकारल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात उभयतांनी धम्मदीक्षा घेतली. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी पत्नीच्या शुश्रूषेविषयी कृतज्ञता नोंदवली. १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत मात्र ते छापले गेले नाही.

महापरिनिर्वाणानंतर माईसाहेबांवर संशयाचे आरोप झाले आणि त्या दीर्घकाळ समाजापासून दूर राहिल्या. १९९० साली भारतरत्न सन्मान त्यांनी स्वीकारला. २९ मे २००३ रोजी त्यांचे निधन झाले. रमाईंवरील श्रद्धेसाठी माईसाहेबांना दूर सारणे आवश्यक होते काय? आमच्या मते नव्हते. स्वतः बाबासाहेबांनी एकीच्या स्मृतीस ग्रंथ अर्पण केला आणि दुसरीचे ऋण लेखणीने मान्य केले. त्यांच्या अंतःकरणात दोघींना स्थान होते.

आपल्या घरातील विधवा भगिनीचा प्रश्नही याच कसोटीवर पाहिला पाहिजे. तिने नकुलमातेप्रमाणे एकटे राहण्याचे ठरवले, तर त्या निर्णयाचा आदर व्हावा. तिने पुन्हा संसार मांडला, तर त्याचाही. निर्णय तिचा असावा. तो तिच्या वतीने घेण्याचा अधिकार धम्माने कोणालाही दिलेला नाही.