खडी फोडण्यापासून पंचावन्न मिनिटांपर्यंत

वजन कमी करायचंय, हे वाक्य टेंभुर्णीच्या परिसरात तसं नवंच. जाफराबाद तालुक्यातल्या या भागात, किंबहुना साऱ्या मराठवाड्यातच, दोन पिढ्यांपूर्वीची काळजी नेमकी उलटी होती.

फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या दोन-तीन भाकरी, वर ठेचा नाहीतर जवसाची चटणी आणि बुक्कीनं फोडलेला कांदा, ही शेतावरची न्याहारी. संध्याकाळी भाकरीसोबत पिठलं किंवा अंबाडीची भाजी. गूळ पाहुण्यांसाठी, पुरणपोळी सणाला. या जेवणाचं आता फार कौतुक होतं. 2023 साल तर भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं. कौतुक रास्तच आहे, पण ती भाकरी दिवसभराच्या खुरपणीत आणि नांगरटीत जिरत होती. सडपातळ अंगाचं निम्मं श्रेय कष्टाला आणि उरलेलं बरंचसं टंचाईला द्यावं लागेल.

टंचाईचा कळस म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. माणसं खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामाला गेली. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख मजूर होते. खायला परदेशातून आलेली लाल मिलो आणि कामावर वाटलेली सुकडी. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांनी पुढं नातवंडांना ‘अजून एक घे’ म्हणून आग्रह केला, तर नवल काय!

मग ताट बदललं. रेशनचा गहू-तांदूळ आला, भाकरीची पोळी झाली, तेलाचा हात सैल सुटला, चहाच्या फेऱ्या वाढल्या. शेतात ट्रॅक्टर आणि दारात मोटारसायकल आली. कष्ट घटले, आग्रह मात्र तसाच राहिला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 24 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या आढळल्या.

यावर मराठवाड्यातूनच एक उत्तर गाजलं. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी मांडलेलं: दिवसातून दोनच जेवणं, प्रत्येक 55 मिनिटांच्या आत, आणि रोज 45 मिनिटं चालणं. घरोघरी घड्याळं लावून माणसं जेवू लागली. आहारतज्ज्ञांत वाद झाले, तेही जोरात. पण मधल्या वेळचं खाणं पहिल्यांदाच हिशेबात आलं, हे मान्य करावं लागेल.

घोटाळा अपेक्षांचा आहे. लग्नसराईआधी दहा किलो उतरवायचे, हा हट्ट फार काळ टिकत नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांनी खाणं सुधारलं, चालणं वाढवलं. त्यांचं वजन फारसं हललं नाही, तरी मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला. म्हणजे काटा अडला म्हणून चालणं सोडायचं कारण नाही. महिन्याला एखादा किलो उतरला तरी पुष्कळ झालं. मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर दोन जेवणांवर येण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा.