मॉकिंगबर्ड (कादंबरी)

मॉकिंगबर्ड ही अमेरिकन लेखिका कॅथरिन अर्स्किन यांची इंग्रजी बालकादंबरी आहे. ती २०१० साली फिलोमेल बुक्स या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम असलेली दहा वर्षांची केटलिन स्मिथ ही कादंबरीची नायिका असून संपूर्ण कथा तिच्याच तोंडून सांगितली आहे. केटलिनचा मोठा भाऊ डेव्हन शाळेत झालेल्या गोळीबारात मारला जातो. त्यानंतर कोलमडलेल्या घरात ती आणि तिचे वडील पुन्हा जगण्याकडे कसे वळतात, हा कादंबरीचा विषय आहे. अमेरिकेतील प्रतिष्ठेच्या नॅशनल बुक अवॉर्डसाठी बाल-किशोर साहित्य विभागात २०१० साली या कादंबरीची निवड झाली.

पार्श्वभूमी

कॅथरिन अर्स्किन यांचा जन्म नेदरलँड्समध्ये झाला आणि त्यांचे बालपण वेगवेगळ्या देशांत गेले. पूर्णवेळ लेखनाकडे वळण्यापूर्वी त्या वकिली करीत असत. ‘क्वेकिंग’ (२००७) ही त्यांची पहिली कादंबरी होय. ‘मॉकिंगबर्ड’नंतर ‘दि अ‍ॅब्सोल्यूट व्हॅल्यू ऑफ माइक’ (२०११), ‘सीइंग रेड’ (२०१३) आणि ‘द बॅजर नाइट’ (२०१४) या त्यांच्या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या.

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया राज्यातील ब्लॅक्सबर्ग येथील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने केलेल्या गोळीबारात ३२ जणांचा मृत्यू झाला. अर्स्किन याच राज्यात राहत होत्या. या घटनेने समाजाला बसलेला धक्का हे कादंबरीच्या लेखनामागील एक कारण होते. माणसे एकमेकांना समजून घेत असती आणि अडचणीत असलेल्या मुलांना वेळीच मदत मिळत असती, तर अशा घटना काही अंशी टळू शकल्या असत्या, अशी भूमिका त्यांनी कादंबरीला जोडलेल्या टिपणात मांडली आहे. कादंबरीतील शाळा व तेथील गोळीबार मात्र काल्पनिक आहे.

कथानक

कादंबरी सुरू होते तेव्हा गोळीबार होऊन गेलेला आहे. केटलिन त्या दिवसाचा उल्लेख आपले आयुष्य कोसळले तो दिवस असा करते. तिची आई आधीच कर्करोगाने वारली होती. तेव्हापासून केटलिनला जग समजावून सांगण्याचे काम डेव्हन करीत असे. वर्गात काय बोलावे, कोणता विनोद कोणापुढे करू नये, कोणते कपडे घातले तर मुले हसतील, हे तिला तोच सांगत असे. त्यामुळे डेव्हनच्या मृत्यूने तिचा भाऊ तर जातोच, शिवाय जगाचा अर्थ लावून देणारा माणूसही जातो.

घराच्या दिवाणखान्यात एक अर्धवट लाकडी पेटी चादरीखाली झाकून ठेवलेली आहे. अमेरिकन बालवीर चळवळीतील ‘ईगल स्काउट’ हा सर्वोच्च दर्जा मिळवण्यासाठी प्रत्येक मुलाला एक सेवाप्रकल्प पूर्ण करावा लागतो. डेव्हनने त्यासाठी वडिलांच्या मदतीने ही पेटी बनवायला घेतली होती. वडील आता तिच्याकडे पाहू शकत नाहीत आणि ती घराबाहेरही काढू शकत नाहीत. ते अनेकदा रडतात. वडिलांच्या चेहऱ्याचा अर्थ केटलिनला लागत नाही आणि तिच्या सरळ प्रश्नांनी वडील अधिकच खचतात.

शाळेत मिसेस ब्रुक या समुपदेशक केटलिनला भेटतात. समोरच्या व्यक्तीकडे पाहावे, तिच्या चेहऱ्यावरील भाव ओळखावेत, मैत्री करावी, असे त्या तिला सांगतात. मित्र मिळावेत म्हणून केटलिनची मधली सुट्टी लहान मुलांच्या सुट्टीबरोबर ठेवली जाते. तेथे तिची पहिलीतील मायकेलशी ओळख होते. मायकेलची आई शिक्षिका होती आणि त्याच गोळीबारात तीही मृत्युमुखी पडलेली असते. केटलिनच्या वर्गातील जॉश हा हल्लेखोरांपैकी एकाचा नात्यातील भाऊ असल्याने मुले त्याच्याकडे संशयाने पाहतात. केटलिनलाही तो दुष्ट वाटतो. मात्र मायकेल त्याच्याशी मैत्री करतो आणि जॉशकडे पुन्हा नीट पाहण्याची वेळ तिच्यावर येते.

याच काळात केटलिनच्या कानावर ‘क्लोजर’ हा शब्द पडतो. दुःखद घटनेनंतर मनाला येणारी पूर्तता, असा त्याचा अर्थ सांगता येईल. मराठीत त्याला नेमका एकशब्दी प्रतिशब्द नाही. केटलिन नेहमीप्रमाणे शब्दकोश उघडते. व्याख्या मिळते, पण ही गोष्ट मिळवायची कशी, हे कोश सांगत नाही. ती वडिलांना आणि मिसेस ब्रुक यांना विचारते, पण त्यांच्याकडेही तयार उत्तर नसते. अखेर तिला स्वतःच सुचते की डेव्हनची पेटी पूर्ण केली पाहिजे. वडील आधी तयार होत नाहीत. पुढे दोघे मिळून पेटी पूर्ण करतात आणि ती डेव्हनच्या शाळेला दिली जाते. आतापर्यंत केवळ काळ्या-पांढऱ्यात चित्रे काढणारी केटलिन शेवटी रंग हाती घेते.

प्रमुख पात्रे

केटलिन स्मिथ – इयत्ता पाचवीतील विद्यार्थिनी. तिला वाचनाची व चित्रकलेची आवड आहे. ती शब्दांचा अर्थ शब्दशः घेते.

डेव्हन स्मिथ – केटलिनचा मोठा भाऊ. कथेच्या वर्तमानात तो हयात नाही, परंतु केटलिनच्या आठवणींतून आणि त्याने दिलेल्या सूचनांतून तो सतत उपस्थित असतो.

केटलिनचे वडील – पत्नी आणि मुलगा गमावलेले गृहस्थ. मुलीवर त्यांचे प्रेम आहे, पण स्वतःच्या दुःखातून बाहेर येणे त्यांना जमत नाही.

मिसेस ब्रुक – शाळेतील समुपदेशक.

मायकेल – पहिलीतील मुलगा आणि केटलिनचा पहिला मित्र.

जॉश – केटलिनचा वर्गमित्र. नातेवाइकाच्या गुन्ह्याचे ओझे त्याला वाहावे लागते.

शीर्षक

हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) ही कादंबरी आणि तिच्यावर आधारित १९६२ सालचा त्याच नावाचा चित्रपट यांवरून या कादंबरीचे शीर्षक घेतले आहे. तो चित्रपट डेव्हनला फार आवडत असे. चित्रपटातील स्काउट ही मुलगी मनात येईल ते बोलून टाकते, म्हणून डेव्हन केटलिनला ‘स्काउट’ म्हणत असे. त्या नात्याने तो स्वतः स्काउटचा भाऊ जेम ठरतो आणि वडील अ‍ॅटिकस फिंच यांच्या जागी येतात.

मॉकिंगबर्ड हा इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करणारा अमेरिकेतील गाणारा पक्षी आहे. हार्पर ली यांच्या कादंबरीत तो कोणाचेही नुकसान न करणाऱ्या निरपराध जीवाचे प्रतीक म्हणून येतो आणि त्याला मारणे पाप मानले जाते. अर्स्किन यांच्या कादंबरीत हा अर्थ प्रथम डेव्हनला लागू होतो. कथा पुढे सरकते तशी जॉशसारख्या निर्दोष मुलाला दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी दोष देणे योग्य आहे का, असाही प्रश्न त्यातून उभा राहतो.

निवेदनशैली

कादंबरी प्रथमपुरुषी असून मुख्यतः वर्तमानकाळात लिहिली आहे. संवादांना अवतरणचिन्हे नाहीत; ते तिरप्या अक्षरांत छापले आहेत. त्यामुळे इतरांचे बोलणे आणि केटलिनचे विचार एकाच प्रवाहात वाचकासमोर येतात. केटलिनला महत्त्वाचे वाटणारे शब्द आणि तिला शिकवलेले नियम वाक्याच्या मध्येही मोठ्या इंग्रजी अक्षराने सुरू होतात. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसल्याने ही योजना मराठीत जशीच्या तशी आणता येत नाही.

इंग्रजीतील ‘चेस्ट’ या शब्दाचे छाती आणि मोठी पेटी असे दोन अर्थ होतात. डेव्हनला छातीत गोळी लागलेली असते आणि घरात त्याची पेटी अर्धवट पडलेली असते. शब्दांना धरून विचार करणाऱ्या केटलिनच्या मनात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. पेटी पूर्ण करणे हे तिच्या दृष्टीने केवळ सुतारकाम का नाही, हे यावरून कळते.

आजूबाजूचा गोंगाट असह्य झाला की केटलिन डोळ्यांची नजर मुद्दाम धूसर करते. मग कठीण कडा असलेल्या वस्तूही कापसाच्या खेळण्यांसारख्या मऊ दिसू लागतात. या कृतीसाठी तिने स्वतःचे क्रियापद तयार केले आहे. तिचा रंगांना असलेला विरोधही याच स्वभावातून येतो. काळ्या-पांढऱ्यात रेषा स्पष्ट असतात, तर रंग एकमेकांत मिसळतात आणि गोंधळ होतो, असे तिला वाटते.

आशयसूत्रे

दुःख हे कादंबरीचे मध्यवर्ती सूत्र आहे. केटलिन रडत नाही, शोकसभेत शोभेल असे बोलत नाही आणि अवघड प्रश्न विचारते. त्यामुळे तिला दुःख झालेच नाही, असा समज सहज होऊ शकतो. वाचक तिच्या मनातून कथा पाहत असल्याने त्याला वेगळेच दिसते. तिचे दुःख वडिलांइतकेच मोठे आहे, केवळ त्याचे बाह्यरूप निराळे आहे. इतरांना जे बोलवत नाही ते ती बोलते आणि झाकलेल्या पेटीबद्दल विचारण्याचे धाडसही तीच करते. घराला सावरण्याचा मार्ग अशा रीतीने तिलाच सापडतो.

दुसरे सूत्र समानुभूतीचे, म्हणजे दुसऱ्याच्या मनःस्थितीत शिरून ती जाणण्याचे आहे. मिसेस ब्रुक हा गुण केटलिनला शिकवू पाहतात. परंतु जॉशला दूर लोटणारी मुले किंवा केटलिनला हसणाऱ्या मुली यांच्यातही त्याचाच अभाव दिसतो. समानुभूती शिकण्याची गरज एकट्या केटलिनलाच आहे असे नाही, हे कादंबरी अशा प्रसंगांतून सुचवते.

हिंसेचे प्रत्यक्ष वर्णन कादंबरीत जवळजवळ नाही. गोळीबार का झाला याचा तपासही ती करीत नाही. मागे राहिलेली माणसे, त्यांतही मुले, एवढ्यावरच तिचे लक्ष केंद्रित झालेले आहे.

स्वमग्नतेचे चित्रण

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांच्या १९८१ सालच्या लेखामुळे ‘अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम’ ही संज्ञा इंग्रजी भाषिक जगात रूढ झाली. कादंबरी लिहिली गेली तेव्हा ती स्वतंत्र निदान म्हणून वापरात होती. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत तिचा समावेश स्वमग्नता वर्णपटात केला. म्हणून आजच्या परिभाषेत केटलिनला स्वमग्न मुलगी म्हटले जाईल. ‘ऑटिझम’साठी मराठीत ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ आहे. स्वतःतच मग्न असणे असा त्याचा शब्दशः अर्थ होतो. केटलिन मात्र दुसऱ्यांना समजून घेण्यासाठी सतत झटत असते, आणि शब्द व व्यक्ती यांतील हे अंतर कादंबरी वाचताना जाणवते.

अशा कथांवर एक आक्षेप घेतला जातो. स्वमग्न मुलाने इतरांसारखे वागायला शिकणे हीच प्रगती, असे त्या गृहीत धरतात. बदलण्याची जबाबदारी मुलावर टाकली जाते आणि भोवतालचे लोक तसेच राहतात. ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, यांनी २०१२ साली ‘दुहेरी समानुभूतीची समस्या’ ही कल्पना मांडली. स्वमग्न आणि इतर व्यक्ती यांच्यातील गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, असे तिचे सार आहे. ‘मॉकिंगबर्ड’ या कल्पनेच्या आधीची आहे. केटलिनला दिलेले धडे पाहता हा आक्षेप तिला काही प्रमाणात लागू होतो. मात्र शेवटी मोठ्यांनाच केटलिनकडून शिकावे लागते, हेही तितकेच खरे आहे.

पुरस्कार

नॅशनल बुक अवॉर्डच्या बाल-किशोर साहित्य विभागाच्या २०१० सालच्या अंतिम यादीत पाओलो बाचिगालुपी यांची ‘शिप ब्रेकर’, लॉरा मॅकनील यांची ‘डार्क वॉटर’, वॉल्टर डीन मायर्स यांची ‘लॉकडाउन’ आणि रिटा विल्यम्स-गार्सिया यांची ‘वन क्रेझी समर’ ही पुस्तके होती. त्यांतून ‘मॉकिंगबर्ड’ची निवड झाली. पुरस्काराची रक्कम १०,००० डॉलर होती.

बालसाहित्यातील स्थान

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रजी बालसाहित्यात स्वमग्न पात्रांच्या कादंबऱ्या मोठ्या प्रमाणावर येऊ लागल्या. मार्क हॅडन यांच्या ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ (२००३) या कादंबरीने या प्रवाहाला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. सिंथिया लॉर्ड यांच्या ‘रूल्स’ (२००६) मध्ये स्वमग्न मुलाची बहीण कथा सांगते. ‘मॉकिंगबर्ड’मध्ये हे नाते उलटे आहे. येथे भाऊ गेलेला आहे आणि स्वमग्न बहीण बोलते आहे. पुढे अ‍ॅन एम. मार्टिन यांची ‘रेन रेन’ (२०१४) ही कादंबरी आली. तिच्यातही स्वमग्न मुलगी आणि तिचे एकटे वडील यांच्या ताणलेल्या नात्याची कथा आहे. स्वतः स्वमग्न असलेल्या लेखिका एल मॅकनिकोल यांच्या ‘अ काइंड ऑफ स्पार्क’ (२०२०) या कादंबरीसारख्या पुस्तकांमुळे आता हा अनुभव आतून सांगितला जाऊ लागला आहे.