मांडीवरचे मूल आणि मोटारीचा पट्टा

मोटारीचा जन्म सामान्यतः १८८६ साली झाला असे मानतात. तीत बसलेल्या लहान मुलाला अपघाताच्या वेळी वाचवण्याची काही तजवीज असावी, हा विचार रुजण्यास मात्र त्यानंतर जवळजवळ पाऊणशे वर्षे जावी लागली. एवढ्या काळात मुलांची कोणास पर्वा नव्हती, असे मुळीच नाही. उलट, मूल आईच्या मांडीवर आहे, बापाच्या हातांत आहे, मग त्याला आणखी कसला आधार हवा, अशीच सर्वांची प्रामाणिक समजूत होती. मुलांच्या मोटारप्रवासाचा इतिहास हा बव्हंशी या एका समजुतीशी झालेल्या झगड्याचा इतिहास आहे.

१९३० नंतरच्या काळात अमेरिकेत मुलांसाठी खास आसने विकली जात, हे खरे. पुढील बाकाच्या पाठीला लोखंडी आकड्यांनी अडकवायची एक झोळीवजा खुर्ची आणि पुष्कळदा तिच्यापुढे खेळण्यातले चक्र, असा त्यांचा थाट असे. मुलाने उंच बसावे, बाहेरची गंमत पाहावी आणि गाडीभर धुडगूस घालू नये, एवढाच त्यांचा हेतू. जोराचा धक्का बसला तर त्या खुर्चीचा मुलाला काडीचाही उपयोग नव्हता.

पुढे १९५९ साली स्वीडनमध्ये नील्स बोलीन या अभियंत्याने खांदा आणि कंबर दोन्ही आवळून धरणारा पट्टा सिद्ध केला; पण तो प्रौढांच्या मापाचा होता. मूल म्हणजे काही लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे. जन्मतः त्याचे डोके सबंध देहाच्या एकचतुर्थांश लांबीचे असते आणि ते पेलणारी मान अगदीच कोवळी असते. समोरून धक्का बसला की हे जड डोके पुढे फेकले जाते व सारा ताण त्या मानेवर येतो. याच सुमारास स्वीडनमधील वैद्यकतज्ज्ञ बर्टील आल्डमान यांनी दूरचित्रवाणीवर अमेरिकेच्या जेमिनी यानातील अंतराळवीरांची आसने पाहिली. उड्डाणाचा प्रचंड दाब त्या वीरांच्या सबंध पाठीवर सारखा विभागला जाई. मुलाचे तोंड गाडीच्या मागील बाजूस करून त्याला बसवले, तर समोरचा धक्काही असाच त्याच्या पाठीवर, डोक्यावर व मानेवर एकदम वाटला जाईल, हे त्यांनी ताडले. १९६४ साली अशा आसनाचा पहिला नमुना चाचणीसाठी तयार झाला. अंतराळात जाणाऱ्यांसाठी योजलेली युक्ती पाळण्यातल्या जिवाच्या कामी यावी, हा योगायोग मोठा गोड खरा.

परंतु साधन निघाले म्हणून रीत बदलते असे नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यात, मर्फ्रीझबरो गावी, रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. बांधून बसवले असते तर वाचली असती अशी मुले अपघातांत दगावतात, हे त्यांना सहन होईना. पत्नीच्या साहाय्याने त्यांनी विधिमंडळातील सभासदांचा सतत पाठपुरावा केला. मुलांना कसे बसवावे हा आईबापांचा प्रश्न आहे, त्यात सरकारने का पडावे, असा आक्षेप आला. गरिबांनी ही आसने घ्यावीत कोठून, असेही विचारले गेले. दुसरा प्रश्न रास्त होता, आणि पुढे आसने उसनी देण्याच्या योजना निघाल्या त्या यामुळेच. अखेर १९७७ साली कायदा संमत झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून चार वर्षांखालील मुलांसाठी तो अमलात आला. असा कायदा करणारे टेनेसी हे अमेरिकेतील पहिलेच राज्य.

मात्र त्या कायद्यात एक पळवाट शिरली होती. मोठ्या माणसाने मूल हातांत धरले असेल तर आसनाची सक्ती नाही, अशी सूट एका दुरुस्तीने दिली गेली. जुनी समजूत अशी मागल्या दाराने परत आली. वात्सल्याची म्हणून ही सूट कोणालाही गोडच वाटेल. गणित तेवढे तिच्या बाजूने नव्हते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून एकदशांश सेकंदात थांबली, तर १० किलो वजनाच्या मुलाला धरून ठेवण्यास सरासरी १४० किलोचा जोर लागतो. ज्वारीचे भरलेले पोतेही याहून हलके. तो वेग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडताना येणारा वेग होय. शिवाय धरणारे माणूस स्वतः बांधलेले नसेल, तर त्याच्या देहाखाली आणि गाडीच्या पुढच्या फळीच्या मध्ये मूल सापडते. सुरक्षिततेच्या पुरस्कर्त्यांनी या सवलतीला ‘मूल चिरडणारी दुरुस्ती’ असे कठोर नाव दिले, ते उगीच नव्हे. १९८१ साली ती रद्द झाली आणि १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत मुलांसाठी कायदे झाले. गंमत अशी की, प्रौढांना पट्ट्याची सक्ती करणारा पहिला कायदा तेथे न्यूयॉर्क राज्याने केला तो १९८४ साली. म्हणजे मुलांना बांधा, हे मोठ्यांनी आधी मान्य केले आणि स्वतः मात्र काही वर्षे मोकळेच बसले!

आसनांची पारखही उशिराच सुरू झाली. अमेरिकन सरकारचे १९७१ चे मानक प्रत्यक्ष टकरीची चाचणी मागतच नव्हते. ती अट १९८१ पासून आली. पुढे १९९० नंतर हवेच्या पिशव्या सर्रास आल्या, तेव्हा एक नवेच संकट उभे राहिले. पुढील बाकावर मागे तोंड करून ठेवलेल्या आसनावर ती पिशवी एवढ्या जोराने आदळे की तीच मुलाच्या जिवावर उठे. तेव्हापासून मुलांची जागा मागील बाकावर, हे सर्वत्र सांगितले जाऊ लागले.

भारतात मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या सुधारणेने कलम १९४ ब आले. १४ वर्षांखालील मुलास पट्ट्याने किंवा बालकांसाठीच्या आसनाने बांधलेले नसेल, तर चालकास १००० रुपये दंड, असे ते सांगते. टेनेसीतील ती मांडीची सूट यात नाही. तरीही बाळबाळंतिणीला घरी न्यायला दवाखान्याच्या दारी मोटार येते, तेव्हा शालीत गुंडाळलेले मूल बहुधा आजीच्याच मांडीवर विसावते.