मुदतीचं खत

थोरले बाबा म्हणजे माझ्या आजोबांचे आजोबा. त्यांचं कर्ज मुळात चाळीस रुपयांचं होतं की साठ, यावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही. आजोबा चाळीस म्हणायचे, त्यांची धाकटी बहीण साठ. कर्ज बैलासाठी काढलं की लेकीच्या लग्नासाठी, यावरूनही दोघं भांडत. एका बाबतीत मात्र दोघंही ठाम असत : सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घ्यायचा, आणि थोरले बाबा दर वेळी खाली निशाणी म्हणून नांगर काढून द्यायचे. नांगर चांगला काढायचे म्हणे.

हा तीन वर्षांचा फेरा सावकाराच्या डोक्यातून निघालेला नव्हता. तो १८५९ च्या मुदतीच्या कायद्यातून आला होता. नोंदणी न केलेल्या खतावर तीन वर्षांच्या आत दावा लावायचा, नाहीतर हक्क गेला. हेतू चांगलाच होता. जुन्यापुराण्या देण्याची टांगती तलवार ऋणकोच्या डोक्यावर जन्मभर राहू नये. पण हा ऋणको कोण? ज्याला वाचता येतं, जो पावती मागतो आणि जपून ठेवतो, ज्याला एक सावकार पटला नाही तर दुसरा मिळतो. असा माणूस लंडनच्या पेठेत असेल. शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावात सावकार एक होता, वाचता येणारी माणसं कुलकर्ण्याच्या वाड्यात होती, आणि पावती मागणं म्हणजे सावकारावर अविश्वास दाखवणं.

तिसरं वर्ष सरत आलं की निरोप यायचा : नवं खत द्या, नाहीतर कोर्टात या. नव्या खतात साचलेलं व्याज मुद्दलात जायचं. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, म्हणजे एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नसे. मुंबई इलाख्यातली कोर्टं हिंदूंच्या व्यवहारात तो मानतही होती. पण खत बदललं की व्याजाचंच मुद्दल व्हायचं आणि दामदुप्पट त्या फुगलेल्या आकड्यावरून मोजायची. व्याजाच्या दरावरची कायदेशीर मर्यादा तर १८५५ मध्येच काढून टाकली होती. कुळाला वाचवायला केलेली मुदत कुळाच्याच गळ्यात पडली, आणि हे सगळं अगदी कायद्याने.

त्या काळच्या विलायती कायदेपंडितांना यात वावगं दिसण्याचं कारण नव्हतं. हेन्री मेनने १८६१ मध्ये ‘एन्शंट लॉ’ या ग्रंथात सांगून टाकलं होतं की पुढारलेले समाज जन्माने मिळालेल्या दर्जाकडून कराराकडे जातात. दुसऱ्याच वर्षी तो व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य म्हणून हिंदुस्थानात आला. १८७२ चा करार कायदाही त्याच हवेत तयार झाला : दोन स्वतंत्र माणसं, खुशीने दिलेली संमती, मग कोर्टाने त्यांच्या मधे का पडावं? थोरल्या बाबांची संमती होतीच की. नांगर काढलेला होता.

आजोबा सावकारापेक्षा समन्सावर जास्त चिडायचे. कागद येई तो तारखेचा. घरात दिवस मोजायचे ते एकादशी-अवसेवरून. कागद कुणाकडून तरी वाचून घेईपर्यंत तारीख उलटलेली. मग एकतर्फी हुकूमनामा, मग बेलिफ, आणि शेवटी थोरल्या बाबांचं रान गेलं. १८७५ च्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगालाही सावकारांचे बहुतेक दावे असे एकतर्फी सुटल्याचं आढळलं. आणि देणं थकलं म्हणून माणसाला तुरुंगात टाकण्याची रीत खुद्द इंग्लंडने १८६९ मध्ये बहुतांशी मोडली होती. इथे मात्र ती चालूच होती. सगळ्यांना सारखा म्हणवणारा कायदा आगबोटीने इकडे यायला एवढा वेळ का लावत होता, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पुढचं शाळेच्या पुस्तकात असतं. कापसाचा भाव अमेरिकेतल्या यादवीत चढला आणि ती संपल्यावर कोसळला, सरकारने सारा वाढवला. आमच्याच तालुक्यातल्या करड्याला दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यात देशमुखाचा वाडा पाडायची वेळ आली, तेव्हा गावाने सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात ठिणगी पडली. लोकांनी मागितली ती खतं. ती हाती आली की बहुतेक ठिकाणी माणसाला कुणी हात लावला नाही. कागद जाळले. कायदा कुठे राहतो हे त्यांना बरोबर कळलं होतं.

१८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. आता न्यायाधीशाने खतावर विसंबायचं नव्हतं. पहिल्या दिवसापासूनचा हिशेब उकरायचा, मुद्दल आणि व्याज वेगळं मांडायचं, कर्जापायी कैद नाही. म्हणजे करार पवित्र हे तत्त्व पुणे, सातारा, नगर, सोलापूर या चार जिल्ह्यांपुरतं सरकारनेच गुंडाळून ठेवलं.

या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं महादेव गोविंद रानड्यांनी. त्यांचं १८९२ चं डेक्कन कॉलेजातलं व्याख्यान अर्थशास्त्राचं म्हणून वाचतात. मला त्यात तालुक्याच्या कोर्टांत बसून कुळांचे हिशेब पाहिलेला माणूस दिसतो. विलायती अर्थशास्त्राची गृहीतकं सर्वकाळी, सर्व देशांत खरी नसतात. इथला सामान्य माणूस त्या पुस्तकातल्या माणसाच्या अगदी उलट टोकाला आहे, त्याची जागा कुटुंब आणि जात ठरवतात, असं त्यांनी सांगितलं. मेनच्या कराराला याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही.

आजोबांचं उत्तर सोपं होतं : आपले पंच बरे होते. एल्फिन्स्टननेही पेशव्यांच्या मुलखावरच्या १८१९ च्या अहवालात पंचायतीची बाजू घेतली होती. पण त्याच अहवालात त्याने तगाद्याचे प्रकारही नोंदवलेत. ऋणकोला जेवू द्यायचं नाही, डोक्यावर जड दगड देऊन भर उन्हात एका पायावर उभं करायचं. हे आजोबा सांगत नसत.

एकदा ओट्यावर त्यांचं पंचपुराण रंगात आलं असताना महारवाड्यातले एक म्हातारबाबा खाली अंगणात बसले होते. आजोबांच्याच वयाचे, रोज यायचे, बसायचे मात्र तिथेच. ते म्हणाले, “पाटील, त्या पारावर आमाला कुठं चढू देत व्हते? कोर्टाची पायरी तरी चढलो.” आजोबांनी पानाचा डबा पुढे ओढला आणि विषय पावसाकडे नेला.

म्हातारबाबांच्या बाजूने बोलायचं तर महाडचा दावा आहे. चवदार तळ्याचं पाणी १९२७ मध्ये घेतलं गेलं, आणि सवर्णांनी डॉ. आंबेडकरांवर फिर्याद केली. दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ ला, मुंबई उच्च न्यायालयाने ती अखेर फेटाळली. विटाळ हा अन्याय आहे, अशा कारणाने नव्हे. रूढीचा हक्क हवा तर ती अनादि काळापासून चालत आल्याचं दाखवा, ही इंग्रजी गावांच्या वहिवाटी तपासायची कसोटी कोर्टाने लावली, आणि वादींना ते दाखवता आलं नाही. ज्या परक्या मोजपट्टीने थोरल्या बाबांचं रान गेलं, तशीच एक परकी मोजपट्टी इथे तळ्याकाठच्या माणसांच्या कामी आली. हा निकाल निघाला तेव्हा आजोबा चांगले कर्ते पुरुष होते. त्यांच्या गोष्टींत तो एकदाही आला नाही.