सिकलसेलचं लेकरू आणि त्याची शाळा



आपल्या कोरपना तालुक्यात कापसाची वेचणी जोरात असते, त्याच दिवसांत थंडीही पडते. अशा एखाद्या सकाळी काही घरांतलं लेकरू अंथरुणातच म्हणतं, "आई, हातपाय ठणकतात." अनेकदा अंगावर ना जखम दिसते, ना सूज. दोन-तीन दिवस शाळा बुडते. गुरुजींना वाटतं, अभ्यास टाळायचा बहाणा आहे. शेजारीण म्हणते, बाहेरचं काहीतरी लागलं. आणि घरातलंच कुणीतरी सुनेकडं बोट दाखवतं, हिच्या माहेरचं रक्तच कच्चं.

ह्या दुखण्याचं नाव सिकलसेल. आज मी त्याचा इतिहास सांगणार आहे, कारण ह्या तिन्ही बोलण्यांची उत्तरं त्या इतिहासात आहेत.

गोष्ट सुरू होते एका विद्यार्थ्यापासून. वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा नावाच्या छोट्याशा बेटावरचा काळा तरुण. १९०४ साली तो दातांचा डॉक्टर व्हायला अमेरिकेत शिकागोला गेला. त्याच वर्षी नाताळाच्या दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात भरती करावं लागलं. अर्नेस्ट आयर्न्स ह्या शिकाऊ डॉक्टरनं त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर गोल दिसायला हव्या त्या तांबड्या पेशींपैकी काही लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली हे छापून जगाला कळवलं. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, त्यावरून पुढं आजाराला नाव पडलं.

हेरिक यांच्या लेखात नोएलचं नाव नव्हतं. तो कोण होता, हे १९८९ साली उजेडात आलं. पण मला ह्या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. ह्या आजारावर त्या काळी एकही औषध नव्हतं. नोएल पुन्हा पुन्हा आजारी पडला, डॉक्टरांनी अडीच वर्षं त्याच्यावर लक्ष ठेवलं, तो बरा झाला की परत वर्गात जाऊन बसला. १९०७ साली आपल्या वर्गासोबतच तो पास झाला. गावी परतून त्यानं दवाखाना थाटला. १९१६ साली न्यूमोनियानं तो गेला, तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षांचा होता. म्हणजे ज्याच्या रक्तात जगानं हा आजार पहिल्यांदा ओळखला, तो माणूस आजारासकट शिकला होता.

आता "बहाणा" म्हणणाऱ्यांचं उत्तर. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोष तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनमध्येच असतो. शरीरातलं पाणी कमी झालं, ताप आला, थंडी बाधली किंवा अतिश्रम झाले, की त्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढं रक्त पोचत नाही, म्हणून हाडं ठणकतात. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे, आणि वर्गात बसल्या बसल्या थकवा. वरून काही दिसत नसलं, तरी आतली वेदना खरी असते.

दुसरं उत्तर सुनेला बोल लावणाऱ्यांसाठी. त्याच १९४९ साली जेम्स नील यांनी मांडलं, की दोषाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून आली तरच मूल ह्या आजाराचं रुग्ण होतं. बहुतेकदा दोघंही धडधाकट दिसणारे वाहक असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, आणि अगदी निर्दोष असण्याची चारात एक. बापाचा वाटा आईइतकाच. हे घरात मोठ्यानं सांगायला लाजू नका.

तिसरं, बाहेरचं लागण्याचं. "बाहेरचं" म्हणायचंच तर तो डास होता! अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं, की सिकलसेलच्या वाहकाला मलेरिया जिवावर बेतण्याचा धोका कमी असतो. म्हणून जिथं पिढ्यान् पिढ्या हिवताप होता, तिथं हा गुण रक्तात टिकून राहिला. माणिकगडच्या डोंगरापासून गडचिरोलीच्या जंगलापर्यंत हिवतापानं किती घरं रडवली, ते आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. हा कुणाच्या पापाचा किंवा जातीचा डाग नाही. आदिवासींत तो जास्त आढळतो, पण इतर अनेक समाजांतही आहे.

भारतात हा गुण १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. १९५८ साली नागपूर भागातल्या वाहकांची नोंद शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी केली. म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ विदर्भातलं हे दुखणं पुस्तकात आहे. पुस्तकातून आपल्या उपकेंद्रापर्यंत यायला मात्र फार वेळ लागला. महाराष्ट्र सरकारचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम २००८ नंतर टप्प्याटप्प्यानं जिल्ह्यांत आला. देशाची मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झाली.

उपचारही असेच हळूहळू आले. १९८६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं, की लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिलं तर जीवघेणा जंतुसंसर्ग पुष्कळ टळतो. १९९५ साली हायड्रॉक्सियुरिया ह्या औषधानं मोठ्या रुग्णांच्या कळा जवळजवळ निम्म्यावर आल्या. पुढं ते मुलांनाही देऊ लागले. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळानं रक्त तपासत रोज घ्यायचं असतं. कळ थांबली म्हणून ते बंद करायचं नाही.

ह्या इतिहासात एक बाप आपल्या नागपूरचा आहे. घरात हा आजार आल्यावर संपत रामटेके यांनी तो घरापुरता ठेवला नाही. सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी करून ते वर्षानुवर्षं रुग्णांच्या सवलतींसाठी भांडले. १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस झाले आणि त्यांत सिकलसेलही आला. रामटेके यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली.

त्या कायद्यानं आपल्या हाती काय आलं? परीक्षेच्या पद्धतीत बदल, जादा वेळ, गरज असेल तर लेखनिक. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं, तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क. शिवाय शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही, मग हजेरी कितीही कमी असो. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे. गडचांदूर, राजुरा करत चंद्रपूरला दर महिन्याला जाणाऱ्या आईला ती किती कामाची, ते वेगळं सांगायला नको. पण प्रमाणपत्र काढल्याशिवाय ह्यातलं बरंचसं कागदावरच राहतं.

म्हणून थोडं कामाचं. पहिली साधी सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे लेकरू रुग्णच, असं नाही. वाहक की रुग्ण, हे पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनंच कळतं. तो कागद जपून ठेवा. जून महिन्यात शाळा उघडली की त्याची झेरॉक्स घेऊन वर्गशिक्षकांना भेटा आणि चार गोष्टी सांगा. बाईजी, याला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या आणि लघवीला अडवू नका. उन्हात किंवा थंडीत फार पळवू नका. ताप चढला, छातीत दुखलं, श्वास लागला, एकदम फिका पडला किंवा हातापायातली शक्ती गेली, तर संध्याकाळची वाट न पाहता मला फोन करा आणि दवाखान्यात न्या. आणि चार दिवस आला नाही तर अभ्यास कुणाच्या तरी वहीतून घरी पाठवा. लेकरू आश्रमशाळेत असेल तर हेच अधीक्षकांनाही सांगा. गोळ्या कोण देणार आणि हिवाळ्यात आंघोळीला कोमट पाणी मिळणार का, हे विचारूनच घरी या.

शिकागोत नोएलसाठी औषध नव्हतं. आपल्याकडं औषध आहे, कायदा आहे, तपासणी आहे. त्याच्याकडं होतं ते दोन्हीकडचं दार, दवाखान्याचं आणि वर्गाचं, आणि दोन्ही उघडी राहिली. आपल्या लेकरासाठी ती दोन्ही दारं उघडी ठेवायची आहेत. एकट्या आईला ते पेलत नाही. बापानं एक खेप चंद्रपूरची करावी, आशाताईंनी गोळ्यांची आठवण द्यावी, गुरुजींनी बाकावरची जागा राखावी.

ह्या हिवाळ्यात शेजारचं लेकरू हातपाय ठणकतात म्हणून घरी बसलं, तर त्याच्या आईला एवढंच विचारा: रक्त तपासलं का?