पांढुर्णा व सौंसर येथे अल्प खर्चात निवास : भाविकांसाठी माहिती

जामसावळी येथील निद्रिस्त श्रीहनुमंताच्या दर्शनास विदर्भातून असंख्य कुटुंबे येतात. त्यांचा पहिला प्रश्न मुक्कामाचा असतो. पांढुर्णा व सौंसर हे तालुके ऑक्टोबर २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते. आता ते स्वतंत्र पांढुर्णा जिल्ह्यात आहेत. दोन्ही गावे लहान असून खोल्या मोजक्याच आहेत. म्हणून येथे परवडणारी खोली मिळणे हे मुख्यतः आपण कोणत्या दिवशी येतो यावर अवलंबून आहे.

मुक्कामाचे गाव :
जामसावळी सौंसरपासून दहा किलोमीटरच्या आत आहे. नागपूरहून छिंदवाडा मार्गाने येणाऱ्यांनी सौंसर येथेच उतरावे. नागपूर ते सौंसर हे अंतर सुमारे ६५ कि.मी. आहे. इटारसी, बैतूलकडून रेल्वेने येणाऱ्यांस पांढुर्णा सोयीचे, कारण ते नागपूर–इटारसी लोहमार्गावर आहे.

टाळावयाचे दिवस :
मंगळवार, शनिवार व चैत्र पौर्णिमेस गर्दी अधिक असते. शक्य असल्यास बुधवारी किंवा गुरुवारी यावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा येथे जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. त्यात दरवर्षी अनेक जण जखमी होतात व वाहतुकीवरही निर्बंध येतात. लहान मुले व वृद्ध सोबत असल्यास त्या दिवशी पांढुर्ण्यात मुक्काम करू नये.

चौकशीचा क्रम :
१) प्रथम मंदिराच्या कार्यालयात धर्मशाळेची चौकशी करावी.
२) त्यानंतर बसस्थानक व रेल्वे स्थानकाजवळील लॉज पाहावेत. खोली, पाणी व स्वच्छतागृह पाहिल्यावरच पैसे द्यावेत.
३) शासकीय विश्रामगृहावर पहिला हक्क अधिकाऱ्यांचा असतो, त्यावर विसंबून निघू नये.
४) कोठेच सोय न झाल्यास नागपूर गाठावे. त्यासाठी परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच विचारून ठेवावी.

भाडे व कर :
धार्मिक स्थळाच्या आवारातील, नोंदणीकृत धर्मादाय वा धार्मिक न्यासाच्या खोलीचे भाडे दिवसास १,००० रुपयांहून कमी असल्यास त्यावर जीएसटी लागत नाही. अन्य निवासांत जीएसटी लागू असल्यास ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीस २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के दर आहे. सांगितलेले भाडे करासह आहे काय, जादा गादी व गरम पाण्याचे वेगळे पैसे आहेत काय, हे आधीच विचारावे आणि पावती घ्यावी. प्रत्येक प्रौढ व्यक्तीने छायाचित्रासह ओळखपत्र जवळ बाळगावे.

रुग्णासह येणाऱ्यांस विनंती :
अनेक कुटुंबे मानसिक व्याधीने पीडित आप्तांना घेऊन कित्येक दिवस राहतात. त्यांनी तळमजल्यावरील खोली मागावी, आठवड्याचे भाडे एकत्र ठरवावे व रुग्णास एकटे सोडू नये. डॉक्टरांची औषधे पुरेशी आणावीत व मुक्कामात ती खंडित करू नयेत. श्रद्धा व उपचार यांत विरोध नाही.

श्री संत गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) गोरगरिबांसाठी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या आणि आयुष्यभर हाती खराटा धरला. आपण सोडलेली खोली पुढील यात्रेकरूस स्वच्छ मिळावी, एवढे प्रत्येकाने पाहावे, ही नम्र विनंती.

– सचिव, विश्वस्त मंडळ